वन्संची गाडी सकाळी का लागत नव्हती

माझ्या नणंदेला डायलिसिस सेंटरमध्ये सगळे पायलट म्हणत. मी त्यांना वन्सं म्हणते, आणि इथेही तेच म्हणणार आहे. त्यांनी गाडी चालवणं का सोडलं याची आमच्या नात्यागोत्यात एकच गोष्ट सांगितली जाते. वय झालं, हात चालेना, लेकीजावयाने समजूत घालून थांबवलं. ऐकणारा मान डोलावतो आणि चहाचा कप उचलतो. त्या तळमजल्यावर राहतात, मी वरच्या मजल्यावर. अंगणात उभी असलेली गाडी माझ्या खिडकीतून पूर्ण दिसायची. जे झालं ते मी पाहिलं आहे, आणि ते तसं झालं नाही.

गाडी मुळात वन्संच्या यजमानांची. ते एका कंपनीत ड्रायव्हर होते. कंपनीने जुन्या गाड्या काढल्या तेव्हा स्वतः वापरलेली गाडी त्यांनी घेतली. बॉनेटचा रंग उडालेला, मागच्या एका दाराला आतून कडी नाही. पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला जायचं आणि स्टिअरिंग धरण्याइतकी ताकद अंगात नाही, म्हणून त्यांनी बायकोला शेजारी बसून गाडी शिकवली. शिकवणी म्हणजे निव्वळ आरडाओरडा. "क्लच! क्लच म्हणतोय मी, तो ब्रेक आहे! मला हॉस्पिटलला न्यायचंय की वर?" वन्सं शांतपणे म्हणत, "जिथे आधी पोचू तिथे." चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि अनवाणी गाडी चालवायची ही त्यांची सवय तेव्हापासूनची. चप्पल असली की क्लच कळत नाही, म्हणत.

यजमान गेले. दिवस झाल्यावर सेंटरची मुख्य सिस्टर घरी भेटायला आली. आली ती सांत्वनाला, पण जाताना दारात थांबून म्हणाली, "तुम्हाला रस्ता पाठ आहे, पेशंट ओळखीचे आहेत. पहिल्या शिफ्टच्या तिघांना आणणारं कुणी नाही. आणाल का?"

वन्संनी एवढंच विचारलं, "उद्यापासून?"

माझे यजमान, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, भडकले. "आमच्या घरची बाई टॅक्सी चालवणार?"

"टॅक्सीला मीटर असतो, दादा. माझ्या गाडीला घड्याळसुद्धा चालू नाही," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी बहिणीच्या गाडीत पाय ठेवला तो एकदाच. छातीत कळ आली आणि दुसरं वाहन मिळेना तेव्हा. मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "काच वर घे. लोक बघतात." माझ्याशी बोललेले ते शेवटचे शब्द. माणूस जाताना काय बोलेल हे आपल्या हातात नसतं हे मला मान्य आहे, तरी हे वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तर वन्संचे तीन प्रवासी. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक शिंपीणबाई आणि एक किराणा दुकानदार. दुकानदार गाडीत बसल्या बसल्या झोपायचा. पोस्टमास्तर पुढच्या सीटवर बसून रोज तोच विनोद करायचे, "पायलट, आज हवामान कसं आहे?" आणि वन्सं रोज म्हणायच्या, "पट्टा बांधा, मग सांगते." शिंपीणबाईंचं एकदा म्हणणं पडलं की माझ्या सुनेपेक्षा तुम्ही मला जास्त वेळा हात धरून उतरवलंय. वन्सं म्हणाल्या, "सुनेला ब्रेक नसतात, मला आहेत." अशी ती गाडी. आजारी माणसांची गाडी म्हणून कुणाला कीव यावी असं त्यात काही नव्हतं.

पहिल्या शिफ्टची गोष्ट समजून घेतली पाहिजे. मशीन ठरलेल्या वेळी पुढच्या माणसाला द्यावं लागतं. तुम्ही उशिरा पोचलात तर तेवढा वेळ तुमचा कमी होतो, आणि अंगातलं जे पाणी निघायचं ते अंगातच राहतं. म्हणून वन्सं उजाडायच्या आत उठत. वर्षानुवर्षं त्यांना उशीर झाला नाही.

मग एका हिवाळ्यात गाडी सकाळी लागेना. सेल्फ फिरायचा, नुसता फिरत राहायचा, खर्र खर्र खर्र, आणि इंजिन पकडायचंच नाही. थांबायचं, परत मारायचा. पुष्कळ वेळाने एकदाची आचके देत गाडी चालू व्हायची, सगळी थरथरायची, आणि मग ठीक. त्यानंतर दिवसभर चावी फिरवली की लगेच सुरू. बाजारात बंद करा, परत येऊन सुरू करा, तक्रार नाही. खोड फक्त सकाळची, रात्रभर उभी राहून गार पडल्यानंतरची.

वन्संच्या जावयाचं गॅरेज आहे. मोठ्या रस्त्यावर, काचेची केबिन, भिंतीवर पान्हे आकारवार टांगलेले. तो वाईट माणूस नाही, हे मला आधीच सांगायचं आहे, कारण अशा गोष्टीत लोकांना एक वाईट माणूस हवा असतो. तो कष्टाळू आहे, माझ्या भाचीला नीट वागवतो. पहिल्या शिफ्टची माणसं पोचवून, त्यांना घरी आणून सोडून वन्सं दुपारी गाडी त्याच्याकडे नेत. गाडी अर्थात गरम. तो बसायचा, चावी फिरवायचा, आणि गाडी लगेच चालू.

"आई, हिला काय धाड भरलीय? लागली की."

त्याने बॅटरी बदलली. मग प्लग बदलले. मग एक सेन्सर बदलला, जो गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन गार आहे की गरम ते सांगतो. तो बिघडला तर गार इंजिनला लागतं तेवढं जादा पेट्रोल मिळत नाही, असं त्याने मला कागदावर चित्र काढून समजावलं. मला पटलं. प्रत्येक गोष्ट पटण्यासारखीच होती. पेट्रोलचा दाबही त्याने मोजला. इंजिन चालू ठेवून गेज लावला, काटा जिथे हवा तिथेच उभा. "प्रेशर ओके," तो म्हणाला आणि गेज काढून ठेवला.

सकाळी पुन्हा खर्र खर्र खर्र.

मी म्हटलं, "वन्सं, दुसऱ्या कुणाला दाखवा ना एकदा."

त्यांनी हे लेकीला फोनवर विचारून पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे भाचीचं बोलणं मलाही ऐकू आलं. "आई, काही काय बोलतेस? जावयाचं गॅरेज असून सासू दुसरीकडे गाडी नेते, हे कळलं की गिऱ्हाईक काय म्हणेल? चार माणसांत त्यांना तोंड दाखवायचं असतं." विषय तिथेच संपला.

मग एक सकाळ अशी आली की गाडी फारच उशिरा चालू झाली. पोस्टमास्तरांचा मशीनवरचा अर्धा वेळ गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास पुरेना, पाय सुजले, ऑक्सिजन लावून हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ते वाचले. पण त्यांच्या सुनेने सेंटरच्या पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर वन्संना विचारलं, "तुमच्या भंगारापायी आमचा माणूस मारायचाय का?"

सिस्टरने त्यांना आत बोलावून सांगितलं, "पायलट, पुन्हा असं झालं तर मला दुसरी सोय बघावी लागेल. माझा नाइलाज आहे."

वन्संनी हे घरी येऊन मला सांगितलं तेव्हा त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही. "वहिनी, हे काम गेलं तर मी सकाळी उठून काय करू?" असं विचारलं आणि पुन्हा खडे वेचू लागल्या. या बाईने यजमान गेल्यावरही असा प्रश्न विचारला नव्हता.

सेंटरला सुट्टी होती त्याच्या आदल्या संध्याकाळी जावयाने गाडी गॅरेजमध्ये ठेवून घेतली. "सकाळी तुमच्यासमोर गार गाडी सुरू करतो, म्हणजे सोक्षमोक्ष." आम्ही दोघी भल्या पहाटे रिक्षा करून गेलो. भाचीही आली होती, शाल पांघरून, जांभया देत. बॉनेट हाताला बर्फासारखं लागत होतं. जावई गाडीत बसला. चावी थोडी फिरवली, मागे आणली, पुन्हा थोडी फिरवली, आणि मग सेल्फ मारला. गाडी तत्काळ चालू. आम्ही तिघींनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तिघींपैकी एकीलाही आपण काय पाहिलं ते कळलं नाही.

तो उतरला, हात पुसले. "आई, राग मानू नका. गाडीत काही नाही. तुमचा हात आहे तो."

"माझा हात म्हणजे?"

"घाई करता तुम्ही. सेल्फ नीट धरत नाही, मध्येच सोडता, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवता, इंजिन पेट्रोल पितं. हात जड होतो. वयाने होतं असं. माझ्या बाबांचंही झालं होतं."

भाची म्हणाली, "बघ. मी म्हणतच होते."

त्या दिवसापासून मी खिडकीतून एक भलतंच दृश्य बघू लागले. दुपारी, गाडी कुठे न्यायची नसताना, वन्सं आत बसून नुसता चावीवर हात ठेवत. कधी दोन बोटांनी, कधी मुठीने. सकाळी हलक्या हाताने सेल्फ मारून बघत, पाय मागे ओढून घेत, डोळे मिटून घेत. गाडी लागायची तेव्हाच लागायची. एकदा त्या वर आल्या, हात माझ्यासमोर पालथा धरला आणि म्हणाल्या, "थरथरतो का, बघा बरं." थरथरत नव्हता. मी तसं सांगितलं. "तुमचा चष्मा लावून बघा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळ्यांत बारीक सुई घेतली, दोरा ओवला, बाहेर काढला, पुन्हा ओवला. मला ते बघवेना.

पुढचा फेरा धुक्याच्या दिवशी आला. शिंपीणबाई कोपऱ्यावर दिव्याखाली पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि गाडी आलीच नाही. सेल्फ मारून मारून बॅटरीसुद्धा बसली, नवी बॅटरी. सिस्टरने त्याच सकाळी एका व्हॅनवाल्याला फोन लावला. चिडून नाही. तिची मशीनं थांबवून ठेवता येत नव्हती.

काम गेल्यावर मात्र वन्सं एका अर्थी मोकळ्या झाल्या. "आता कुणाची इभ्रत सांभाळायची आहे?" म्हणाल्या, आणि मागच्या गल्लीतल्या पंपवाल्याकडे गेल्या. मला सोबत नेलं. हा माणूस फक्त पेट्रोल-डिझेलचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करतो, आणि गिऱ्हाइकावर डाफरणं हा त्याचा जोडधंदा आहे.

"गार गाडी पाहिजे मला. चालवत आणलीत ना? मग आजचा दिवस फुकट. इथे ठेवा, उद्या सकाळी या. चावी माझ्या खिशात राहणार. तोवर कुणी हात लावलेला मला चालायचा नाही, मीसुद्धा नाही."

सकाळी त्याने वन्संनाच गाडी सुरू करायला लावली. खर्र खर्र खर्र. तो कान देऊन ऐकत राहिला. कशीबशी लागली. त्याने गेज लावला. काटा बरोबर जागेवर. "प्रेशर ओके आहे, हे जावयांनी पण सांगितलं होतं," वन्सं म्हणाल्या.

"चालू गाडीत ओकेच असणार. आता बंद करा."

गाडी बंद केली. जावयाने गेज काढला होता. याने गेज तसाच राहू दिला आणि समोर चहा प्यायला गेला. आम्ही दोघी काट्याकडे बघत उभ्या. काटा खाली येत होता. घाईने नाही, पण थांबतही नव्हता. चहा पिऊन, कुणाशी तरी भांडून तो परत आला तेव्हा काटा शून्यावर टेकला होता. त्याने गाडी पुन्हा चालू करायला सांगितली, आणि बंद करताक्षणी टाकीकडून येणारी रबरी नळी पकडीने दाबून धरली. या वेळी काटा जागचा हलला नाही.

"संपला तपास," तो म्हणाला. "टाकीत पंप आहे. पंपाच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, वर ढकललेलं पेट्रोल मागे येऊ नये म्हणून. तो गळतोय. दिवसा थोडा वेळ उभी राहिली तर नुसता दाब जातो, नळी भरलेलीच राहते. रात्रभरात मात्र सगळं पेट्रोल टाकीत परत. सकाळी नळी कोरडी. मग तुम्ही कितीही सेल्फ मारा, नळी भरेपर्यंत लागणार कशी?"

"पण माझ्या जावयाच्या हाताला लगेच लागली. रात्रभर ठेवलेली. आम्ही बघितलंय."

"कशी फिरवली त्याने चावी? करून दाखवा."

वन्संनी करून दाखवलं. थोडी पुढे, मागे, पुन्हा थोडी पुढे, मग सेल्फ. पंपवाला मोठ्याने हसला. "अहो, ती मेकॅनिकची खोड! चावी नुसती ऑन केली की पंप क्षणभर चालतो, घूं करतो. तो आवाज ऐकायची सवय असते आम्हाला. दोनदा ऑन केलं की नळी भरते. मग सेल्फला लगेच लागणारच. त्यालासुद्धा पत्ता नसेल आपण असं करतो याचा. तुम्ही सरळ सेल्फ मारता, चार माणसांसारखा."

"म्हणजे माझा हात..."

"हाताला काय झालंय तुमच्या? हात दाखवायचा असेल तर डॉक्टरकडे जा. मला पंप काढू द्या."

परत येताना वन्सं चालत चालत एकदम थांबल्या आणि फुटपाथच्या कठड्यावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. "काही नाही," म्हणाल्या. "वहिनी, मी जेवताना भाताचा घास सांडला तरी घाबरायला लागले होते हो."

पंप बदलला. गाडी सकाळी एका फटक्यात लागू लागली. नवा पंप नसता तरी, चावी आधी दोनदा फिरवायची एवढं कुणी सांगितलं असतं तर काम गेलं नसतं.

आम्ही लेकीकडे गेलो. वन्सं भांडायला गेल्या नव्हत्या. जावयाला त्यांनी सगळं नीट सांगितलं, काट्याचं, नळीचं, चावीचं. त्याला लगेच कळलं. त्याचा हात आपोआप हवेत चावी फिरवून आला, पुढे, मागे, पुढे, आणि तो ओशाळला. "खरंय," म्हणाला. "मी असंच करतो."

"मग माझ्यासोबत सिस्टरकडे चला. एवढंच सांगा, दोष गाडीत होता, बाईत नव्हता. मी सांगून उपयोग नाही. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल."

तो टेबलावरचा कप फिरवू लागला. "आई, त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांच्या गाड्या माझ्याकडे येतात. तिथे जाऊन मी काय सांगू? घरची गाडी अख्खा हिवाळा मला कळली नाही?"

"जे झालं तेच सांगायचं."

"आई," भाची मध्ये पडली, "तुझं काम गेलं ते गेलंच. आता यांचंही घालवायचंय का?"

"मग गावभर माझं वय झालं म्हणून जे सांगितलंत, ते तसंच राहू द्यायचं?"

"अगं, त्यात काय वाईट आहे? वयाचं लोकांना पटतं. कुणी तुला नावं ठेवत नाही, उलट हळहळतात. मामी, तुम्ही तरी सांगा हिला."

मी म्हटलं, "मी काय सांगू? मला हळहळ नकोय आणि त्यांनाही नकोय."

भाचीने माझ्याकडे असं पाहिलं की आजवरचं सगळं मामीपण तिथेच संपलं. वन्संनी चहा पूर्ण प्यायला. कप विसळून ओट्यावर पालथा ठेवला, जसा त्या परक्याच्या घरी ठेवतात, आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच सिस्टरकडे गेल्या. मीही गेले, मागच्या सीटवर बसून. सिस्टरने बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पायलट, मला तुमच्यावर विश्वास आहे. पण व्हॅनशी वर्षाचं बोलणं झालंय. आणि पेशंटच्या घरच्यांना मी काय सांगू? तुमच्या जावयांनी इथे डॉक्टरांना सांगितलंय, की आईंच्या हातात गाडी देणं आता धोक्याचं आहे. घरच्याच माणसाने सांगितल्यावर..." काचेपलीकडे पोस्टमास्तर मशीनला लावलेले दिसत होते. त्यांनी मोकळा हात उचलला. वन्संनीही उचलला. पोस्टमास्तरांची सून मासिक वाचत होती, तिने वर पाहिलं आणि पुन्हा मासिकात मान घातली.

आम्ही खाली आलो. गाडी नेहमीच्या जागी, दारासमोर उभी होती. मी मागचं दार उघडून बसले, आणि पाहते तर वन्संही त्याच दाराने आत येऊन माझ्या शेजारी बसल्या. पुढे गेल्याच नाहीत. पिशवी मांडीवर धरून समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिल्या. मला गाडी चालवता येत नाही. दोघी तशाच बसलो. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. नवा वॉचमन होता, आम्हाला न ओळखणारा. मागे एक पांढरी व्हॅन हॉर्न देत उभी होती, दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन.

"आजी, तुमच्या ड्रायव्हरला बोलवा. ही जागा व्हॅनची आहे. गाडी काढायला सांगा त्याला."

"सांगते," वन्सं म्हणाल्या.

त्या उतरल्या, पुढे जाऊन बसल्या, चपला काढून सीटखाली सरकवल्या, आणि गाडी काढून व्हॅनला जागा करून दिली.